शेणातला जंतू आणि अनवाणी पाय

धनुर्वात हा जातीचा रोग आहे असं मी बोललो की आमचे डॉक्टर दोस्त हसतात. जंतूला जात कळत नाही, म्हणतात. कबूल. जंतूला नाहीच कळत. पण जंतूच्या तोंडी कुणाचा पाय द्यायचा आणि कुणाचा पाय जोड्यात ठेवायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांना जात पक्की कळत होती. मालगुजाराच्या वाड्यापुढून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यायची, हा आमच्या आज्या-पणज्यांवर लादलेला कायदा होता. त्या कायद्यावर आपण लिहिलं, बोललो, मोर्चे काढले. अपमान म्हणून लिहिलं, आणि तो अपमान होताच. पण त्या उघड्या तळपायातून आत काय शिरलं, त्यानं किती माणसं वाकवून मारली, याचा हिशोब मी तरी कुठं वाचला नाही.

तर आधी जंतू. क्लॉस्ट्रिडियम टेटनी हे त्याचं नाव. १८८९ साली किटासातो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये कॉखच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा वेगळा काढला. हा राहतो मातीत आणि जनावरांच्या आतड्यात. गाय, बैल, म्हैस, घोडा, सगळ्यांच्या. शेणावाटे, लिदीवाटे बाहेर पडतो आणि अंगाभोवती कवच करून पडून राहतो. या कवचबंद जंतूला बीजाणू म्हणतात. तो वर्षानुवर्षं मातीत टिकतो, ऊन त्याला मारत नाही, नुसतं उकळतं पाणीही भरवशाचं नाही. त्याला हवा मात्र चालत नाही. म्हणून वरवरच्या खरचटण्यापेक्षा त्याला खोल, बारीक, तोंड मिटलेली जखम आवडते. काटा, खिळा, काच, फुटलेली कुसळ. आत मेलेलं मांस असलं, मातीचा कण असला, की हवा नसलेल्या त्या अंधारात तो कवच सोडतो, वाढतो आणि विष तयार करतो.

हे विष जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. नसांच्या वाटेनं ते मज्जारज्जूपर्यंत चढतं. आपल्या स्नायूंना दोन तऱ्हेचे निरोप जात असतात, एक आवळ म्हणणारा, दुसरा सोड म्हणणारा. हे विष 'सोड' म्हणणारा निरोपच बंद करतं. 'आवळ' एवढा एकच हुकूम उरतो. जबड्याचा स्नायू आधी आवळतो, म्हणून दातखीळ. मग चेहरा ओढला जातो आणि माणूस हसल्यासारखा दिसतो. मग मान, पोट, पाठ. पाठीचे स्नायू पोटापेक्षा जबर असल्यानं माणूस मागं वाकतो, टाचा आणि डोकं तेवढं टेकतं, मधलं अंग धनुष्यासारखं उचललं जातं. नाव त्यावरून पडलं. सुश्रुताच्या ग्रंथातही धनुःस्तंभ आहे. दोष दिला वाताला. आमच्या लोकांनी दोष दिला भुताला. शेणाला दोष देण्याची हिंमत कुणाची झाली नाही.

आणि यातली सगळ्यात क्रूर गोष्ट ही की रोगी शुद्धीवर असतो. मेंदू साफ असतो. दार वाजलं, कुणी दिवा लावला, कुणी अंगाला हात लावला, की पुन्हा झटका. हाडं मोडावीत असा झटका, आणि माणूस तो टक्क जागा राहून सोसतो.

आता एक मौजेची गोष्ट ऐका. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. रोग्याजवळ बसा, त्याचं अंग पुसा, त्याच्या ताटात जेवा, काही होणार नाही. शिवल्यानं होणारा हा रोगच नव्हे. हजार वर्षं शिवाशिव पाळून यातून एकही माणूस वाचला नाही. ज्याला शिवायचं नाही म्हणून सांगितलं त्या माणसात जंतू नव्हता. तो होता ज्यानं अंगण सारवायचं, ज्यानं प्रायश्चित्त घ्यायचं, त्या पवित्र पदार्थात. पंचगव्य नावाच्या औषधाचा एक पंचमांश भाग कुठून येतो ते मी सांगायला नको.

आमचं आसगाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. या भागाला चौरास म्हणतात. वैनगंगेच्या काठची काळी, सपाट, धानाची जमीन. शहरात वाढलेल्या दोस्तांना रोवणा माहीत नसेल म्हणून सांगतो. उन्हाळ्यात शेणखताचे ढीग बांधीत टाकायचे, पसरायचे. पाऊस पडला की नांगरून चिखल करायचा. मग त्या चिखलात बाया रांगेनं वाकून पऱ्हे रोवतात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाय घोट्याच्या वर चिखलात, कधी पोटरीपर्यंत. चिखलात चप्पल चालत नाही, रुतते. बूट मिळतात, पण मजुरीच्या पैशात कोण घेणार, आणि मालक देत नाही. त्या चिखलात धुऱ्यावरच्या बाभळीचे काटे असतात, मागल्या सालच्या धानाची टोकदार धसं असतात, कुणी टाकलेल्या बाटलीची काच असते. शेण, माती, काटा आणि भेगाळलेली टाच. जंतूसाठी याहून चांगली सोय मुद्दाम करू म्हटलं तरी होणार नाही. तांदूळ मात्र सगळ्या जिल्ह्यांत जातो, शुभ्र होऊन.

२००३ च्या रोवण्यात आमच्या मोठ्याबाबाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. त्यांनी तो सुईनं कोरून अर्धा काढला, वरून बिब्ब्याचा चटका दिला आणि चुना-हळद भरली. हे सगळं गाव करतं. म्हणजे काय केलं, तर जखमेचं तोंड वरून बंद केलं आणि काट्याचं टोक, माती आत कोंडली. जंतूला पाहिजे तसा अंधार झाला. तरी पोरं शहाणी, त्यांनी त्याच दिवशी तालुक्याच्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं धनुर्वाताची एक सुई टोचली, पैसे घेतले, 'आता काही होत नाही' म्हणाला. जखम उघडून पाहिली नाही. याआधी कधी लस घेतली होती का हे विचारलं नाही. दहाव्या दिवशी मोठेबाबा जेवताना थांबले. म्हणाले, "मले तोंड उघडता येऊन नाही राह्यलं." दाढ दुखत असेल म्हणून दोन दिवस गेले. त्यांचा जुना सोबती ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काहून हासून राह्यला बे?" ते हसत नव्हते. कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं, त्यात आणखी एक रात्र गेली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. अंधाऱ्या खोलीत बारा दिवस. मी बाहेर बाकावर बसून असायचो. आत कुणाच्या हातून स्टीलचा ट्रे पडला की पुढं काय होणार ते मला कळायचं.

"सुई तर घेतली होती!" असं गाव आजही म्हणतं, आणि तिथंच गल्लत आहे. ती नीट समजून घ्या, कारण शहरातही तुम्ही तेच करता. खिळा लागला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं, एक 'टीटी' मारून घ्यायचं, मोकळं. ही सुई म्हणजे औषध नव्हे, लस आहे. लस शरीराला शिकवते, आणि शिकायला वेळ लागतो. ज्याला आयुष्यात कधी लस मिळाली नाही त्याच्या शरीराला पहिल्या डोसातून पुरेसं काही कळत नाही. चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, सहा महिने ते वर्षभरानं तिसरा. तेव्हा कुठं भिंत उभी राहते. तोवर जखम घाणेरडी असेल तर वेगळी गोष्ट लागते, तयार प्रतिविष. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते रक्तात फिरणारं मोकळं विष तेवढं पकडतं. नसेला जाऊन चिकटलेलं विष कुणालाच सोडवता येत नाही. म्हणून ते वेळेत द्यायचं असतं. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत स्वस्त, जखम धुवायची. साबण आणि वाहतं पाणी, बराच वेळ. आतला काटा, माती, मेलेलं मांस काढून टाकायचं. ती उघडी ठेवायची का शिवायची ते डॉक्टरवर सोडा, पण चुना, हळद, राख, शेण, तंबाखू, यांतलं काही भरायचं नाही. भरणाऱ्याचा हात धरा, मग तो तुमचा बाप का असेना.

गंजाचंही एकदा मिटवू. गंजानं धनुर्वात होत नाही. गंजका खिळा मातीत पडलेला असतो म्हणून त्याची बदनामी झाली. चकचकीत नवा खिळा शेणात पडला तर तोही तेवढाच वाईट, आणि बोरीच्या काट्याला कुठं गंज असतो? कान टोचणं, गोंदवणं, वाहणारा कान काडीनं कोरणं, चोरून केलेला गर्भपात, भाजलेली जखम, साखरेच्या रोग्याची पायाची न भरणारी जखम, यातूनही हा आत येतो.

आता दाईचं बोलू. माझी आजी दाई होती. शंभरावर पोट्टे माह्या हातानं जन्मले, असं ती सांगायची, आणि त्यातले बरेच अशा घरचे की एरवी तिला ओसरीवर चढू देत नसत. बाळंतपणाच्या रात्री ती आतल्या खोलीत चालायची. विटाळाचं काम ना, ते आमच्याच हातानं झालं पाहिजे. नाळ कापायला त्या घरचाच विळा, धान कापायचा, गवत कापायचा. नाळेवर गोवरीची राख, म्हणजे अर्धवट जळालेलं शेण. रीत त्या घरची, विळा त्या घरचा, गोवरी त्या घरच्या गाईची. बदल्यात सुपभर धान आणि एखादं जुनं लुगडं. ती बाहेर पडली की मागून पाणी शिंपडायचे. मूल दोन दिवस चांगलं दूध ओढायचं, मग ओढणं बंद. तोंडच उघडेना. सातव्या-आठव्या दिवशी ताठ होऊन गेलं, की दाईचा हात वाईट म्हणायला गाव मोकळं. किंवा मग सटवीनं नेलं.

नवजात बाळाला धनुर्वात होतो तो साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई कपाळावर नशीब लिहायला येते, हे आपल्या बायांनी कुठून काढलं असेल? मला वाटतं, मोजून काढलं. शेकडो लेकरं त्याच आठवड्यात जाताना पाहिली, म्हणून त्या रात्री जागायची रीत पडली. निरीक्षण अचूक होतं. फक्त नशीब लिहिलं गेलं होतं पहिल्याच दिवशी, विळ्याच्या पात्यानं.

दाईवर खापर फोडण्याची ही पद्धत गावंढळ नाही, दोस्तांनो. साहेबांचीही तीच. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचली. एकशेसात माणसांना टोचली आणि एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. लस मुंबईची, परळच्या प्लेग प्रयोगशाळेतली. ती लस शोधणारा वाल्देमार हाफकिन हा रशियातून आलेला ज्यू, ना इंग्रज, ना त्यांच्या वैद्यकीय नोकरशाहीतला. बाटली उघडताना चिमटा खाली जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता, हे चौकशीच्या कागदातच होतं. तरी दोष प्रयोगशाळेवर टाकला, हाफकिनला काढलं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी, त्यात रोनाल्ड रॉसही होता, आवाज उठवला तेव्हा १९०७ साली तो निर्दोष ठरला. १९२५ साली त्याच परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. परळचे चाळकरी रोज त्या फाटकावरून जातात. त्याच्या बाजूनं लिहायला रॉस तरी होता. आमच्या आजीच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितो की दाईचा हात वाईट नव्हता. तिला पातं, साबण आणि दोरा द्यायला सरकारला १९७० चं दशक उजाडलं.

आणि लस तेव्हा नवी होती का? छे. जंतूचं विष फॉर्मलिननं निकामी करून त्याची लस करता येते हे फ्रान्सच्या गास्तों रामोंनं १९२० च्या दशकात दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात ही लस सक्तीची होती. लाखो सैनिक जखमी झाले, धनुर्वाताचे रुग्ण निघाले ते डझनभर. म्हणजे १९४५ लाच जगाला पक्कं माहीत होतं की हा रोग थांबतो. १९६३ साली धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती आपल्या मुंबईत. का, ते सांगायला नको, रुग्ण इथं ढिगानं होते. देशाचा लसीकरणाचा कार्यक्रम आला १९७८ साली, आणि सगळ्यांसाठी म्हणून आला १९८५ नंतर. सैनिक जिवंत पाहिजे होता म्हणून त्याला चाळीस वर्षं आधी लस मिळाली. रोवणाऱ्या बाईच्या जागी दुसरी बाई मिळते.

सरकारचंही खरं ते खरं म्हणू. १९८८ साली जगभरात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं या रोगानं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा होता. गरोदरपणात आईला दोन डोस दिले की तिच्या रक्तातलं संरक्षण गर्भातल्या बाळाला मिळतं. एवढी सोपी गोष्ट गावोगाव नर्सबाईंनी पायी फिरून केली. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं उचलून नेल्यावर आमच्या बाया सुई दिसली की धानात लपायच्या. त्यांना समजावून केली. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात 'दूर झाला' असं जाहीर झालं. दूर म्हणजे काय, तर प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. हा विजय आहे, मी तो नाकारत नाही. फक्त प्रमाणपत्र भिंतीवर लावून सरकार झोपतं हे आम्हाला भंडाऱ्यात माहीत आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री आमच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. बाया दाई सोडून दवाखान्यात आल्या, सांगितलं तसं केलं. पुढचं दवाखान्यानं बघायचं होतं.

पण माझं भांडण वेगळ्याच रकान्याशी आहे. राष्ट्रीय वेळापत्रक काढून बघा. बाळाला दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, मग दीड-दोन वर्षांना, पाच वर्षांना. मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे आधीच्या टीटीत घटसर्पाची लस घातलेली. मग गरोदर बाई. संपलं. सोळाव्या वर्षानंतर पुरुषासाठी रकाना नाही. बाळंतपणं आटोपलेल्या बाईला नाही. लसीचा जोर दहा वर्षांत उतरतो हे पुस्तकात लिहिलंय, पण दहा वर्षांनी तुम्हाला कुणी बोलावत नाही. आणि १९८५ च्या आधी जन्मलेले, कधी शाळेत न गेलेले, वीटभट्टीवरून ऊसतोडीवर, ऊसतोडीवरून बांधकामावर फिरणारे, यांना पहिलाही डोस मिळालेला नाही. आता सांगा, मातीत, गटारात, कचऱ्यात हात कोण घालतो? ज्याच्यासाठी रकाना नाही तोच. गोवर-पोलिओत शेजारच्यांनी लस घेतली तर साथ तुटते, तुम्हीही थोडे वाचता. इथं तसं नाही. जंतू शेजाऱ्याच्या अंगात नसून मातीत आहे. अख्ख्या देशानं लस घेतली आणि तुम्ही नाही घेतली, तरी तुमचा धोका तेवढाच.

गटारात उतरून वायूनं गुदमरलेल्या माणसाची निदान बातमी येते. २०१३ चा कायदा आहे, २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नुकसानभरपाई ठरलेली आहे. पण गटारातल्या काचेनं पाय कापला आणि माणूस दहा दिवसांनी घरी दातखीळ बसून मेला, तर तो कामावर मेला असं कोण लिहिणार? ठेकेदार म्हणेल, तो तर सुट्टीवर होता. जंतू ठेकेदाराला तेवढी सवड देतो.

म्हणून माझं म्हणणं असं. आपण सफाई कामगारांच्या, कचरा वेचणाऱ्या बायांच्या, नाक्यावरच्या मजुरांच्या युनियनमध्ये मजुरीचा दर मागतो, गणवेश मागतो. त्या मागणीपत्रात दोन ओळी घाला. कामावर घेताना टीडीचे तीन डोस मालकाच्या खर्चानं, दर दहा वर्षांनी एक, आणि घोट्याच्या वरपर्यंत बूट, जाड हातमोजे. जखमेनंतर महिनाभरात धनुर्वात झाला तर तो कामावरचा अपघात धरायचा. काहीजण म्हणतील, क्रांतीच्या गोष्टी सोडून हा सुईच्या गोष्टी करतो. त्यांनी एकदा बाकावर बसून आत ट्रे पडल्याचा आवाज ऐकावा, मग बोलू.

मागणी मंजूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात टीडी असते. घोळक्यानं जा, एकटं गेलं की उद्या या म्हणतात. आमच्या वस्तीत आम्ही विहाराच्या वर्गणीच्या वहीची मागची पानं यासाठी घेतली आहेत. नाव, पहिल्या डोसाची तारीख, चार आठवड्यांनी दुसऱ्याची, सहा महिन्यांनी तिसऱ्याची. दुसऱ्या डोसाला निम्मी माणसं गळतात, कामावर जातात, विसरतात. त्यासाठी दर रविवारी वंदना झाली की ज्यांची तारीख उलटली त्यांची नावं मोठ्यानं वाचतो. म्हातारी माणसं चिडतात. चिडू द्या.